गाडीतळावरचा लाल ठिपका

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या साखर कारखान्यात संगणक आला. उसाच्या आवकीचं नियोजन माझ्याकडे होतं. पुण्याच्या इंजिनिअरनं पडद्यावर अख्खा कारखाना उभा केला: गाडीतळ, वजनकाटा, उसाची गव्हाण, बॉयलर. प्रत्येक बैलगाडी म्हणजे एक ठिपका. उद्याचा दिवस आज पडद्यावर चालवून बघायचा. गाडी खोळंबेल तिथं ठिपका लाल होई. मग तिची वेळ बदलायची.

फायदे मी आजही सांगतो. ऊस वाळेना. बॉयलर उगाच पेटता राहीना. बैल उन्हात ताटकळेनात.

त्यातली एक गाडी माझ्या आक्काची. तिला शिरूर कासारकडे दिलेली. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला यायची. संगणकाआधी सकाळी तळावर लागलेल्या गाडीचा नंबर यायला दुपार उलटायची. आई गेल्यावर तेवढंच आक्काचं माहेर. गाडीखालच्या सावलीत तिची भाकरी, माझा चहा. भाऊबीजेची ओवाळणीही तिथंच.

नव्या पद्धतीत गाडी आली, रिकामी झाली, निघाली. मी किटली घेऊन पळालो.

“थांब की गं आक्का, चहा आणलाय.”

“मागं गाड्या हायेत, येड्या. नंबर तूच लावायचा आन थांब बी तूच म्हणायचं?”

“घोटभर तरी घे.”

“न्हाई बाबा. बैल लई खूश हायेत माजे. तुज्या त्या डब्याला सांग, आक्का दुवा देती म्हणून.”

हसत गेली. मग प्रत्येक खेपेला तेवढंच: लांबून हात वर करायची, मीही करायचो. बोलू निवांत, हंगाम संपल्यावर, असं दोघंही म्हणायचो.

एका पावसाळ्यात ती काविळीनं गेली. निरोप पोचला तेव्हा गावात सगळं उरकलं होतं. पुढच्या हंगामात गाडीवर दाजी एकटेच होते.

मी इंजिनिअरला म्हणालो, “जुनी पद्धत लावून दाखवता का?”

“कशाला? त्यात नुसता खोळंबा आहे.”

“बघायचंय.”

त्यानं लावली. आक्काच्या गाडीचा ठिपका तळावर आला, उभा राहिला, लाल झाला. मी चहा मागवला. पण पडद्यावर दुपार फार लवकर होते. कप हातात येईपर्यंत ठिपका गव्हाणीकडे सरकला होता.

“झालं?” त्यानं विचारलं.

“परत लावा,” मी म्हणालो.