बिस्किटाच्या डब्यातले नंबर

मुलींच्या कपड्यांचं ते तीनमजली शॉपिंग सेंटर आधी सुताचं गोदाम होतं. गोदाम गेलं, खाली सहा दुकानं आली आणि त्याच आठवड्यात जिन्याखाली मशीन मांडून टाकेमावशी बसल्या. घेतलेले कपडे अंगाबरोबर करून देणं हे त्यांचं काम. सहाची साठ दुकानं झाली. कॉलेज सुटलं की जिन्यावर पाय ठेवायला जागा उरेना. तीन मालक आले नि गेले, मावशी हलल्या नाहीत.

दुकानं वाढली तशी वरच्या कपड्यांची मापं तंग होत गेली. मुली ट्रायल रूममधून डोळे पुसतच खाली यायला लागल्या. मावशींना ते बघवेना. कपडा सैल करताना त्या गळ्यामागची नंबराची चिठ्ठी गुपचूप उसवायच्या आणि लहान नंबराची शिवायच्या. पोरगी हसत घरी जायची. यात कुणाच्या बापाचं काय गेलं? खऱ्या चिठ्ठ्या मात्र त्यांच्याने फेकवत नसत. त्या बिस्किटाच्या डब्यात पडत.

एकदा त्यांची स्वतःचीच लेक नवा ड्रेस घेऊन रुसून बसली. मावशींनी तिच्याही ड्रेसला गुपचूप लहान नंबराची चिठ्ठी शिवली. पुढच्या ड्रेसलाही.

"आई, मी उतरले!" लेक नाचली. आणि उतरलेला नंबर पुन्हा चढू नये म्हणून तिने जेवण सोडलं. मनगटं काटकुळी झाली, केस पुंजक्याने गळायला लागले. डॉक्टर ओरडले, मावशी हातापाया पडल्या. पालथ्या घड्यावर पाणी! आपल्याच हातांनी आपण हे केलं, या विचाराने मावशींच्याही घशाखाली घास उतरेना.

शेवटी एका दुपारी त्यांनी मशीन थांबवलं, लेकीला स्टुलावर बसवलं आणि डबा उघडला. झाकणाला तिच्या दोन चिठ्ठ्या टाचणीने लावून ठेवल्या होत्या.

"हे माझे उद्योग, बाळा. तू उतरली नव्हतीसच. होतीस तशीच छान होतीस. आता दोन घास खा." मावशींनी जेवणाचा डबा तिच्यापुढे सरकवला.

लेकीने चिठ्ठ्यांवरचे नंबर वाचले.

"म्हणजे मी एवढी जाडी होते? आणि तुला माहीत होतं?"

"अगं, तसं नाही गं..."

"थांब. तू शिवलेला नंबर आता मी खरा करून दाखवते."

पुढ्यातला जेवणाचा डबा न उघडताच ती उठली आणि कठड्याला धरत धरत जिना चढून वरच्या दुकानात त्या लहान नंबराचा ड्रेस घ्यायला गेली.