पत्र्याखाली आग येत नाही

विमा कंपनीतून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाला कंपनीच्या इतिहासाचं गुळगुळीत पुस्तक मिळालं. त्यात एक जुना फोटो: कापसाच्या जिनिंगच्या दाराशेजारी, भिंतीवरच्या पत्र्याला एक बाई हळदीकुंकू लावतेय. खाली ओळ: 'ग्राहकांचा अढळ विश्वास, चुडावा.' आमची कंपनी मूळची विलायती. आगीचा विमा उतरवला की इमारतीवर आपल्या नावाचा पत्रा ठोकायची. तो अजून आहे का, बघायला निघाले.

परभणीहून सकाळची पॅसेंजर धरा. एक्स्प्रेस चुडाव्याला थांबत नाही. तिकीट किरकोळ आहे. पूर्णा जंक्शनवर गाडी रेंगाळते, तिथंच भजी खाऊन घ्या. पुढे काही मिळेल या भरवशावर राहू नका.

जुन्या जिनिंगची एक भिंत उरलीय. तिच्यावरचा पत्रा गंजलेला, कुंकू मात्र ताजं. मोबाइल काढला तशी शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, "फोटू नको काढू बाई! आधी बी एका सायबानं काढलाय."

त्या गयाबाई. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "ही तर माय माझी. सोनाबाई."

त्या सांगू लागल्या. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. सोनाबाई आत कापूस निवडायची, लहानगी गया बाहेर तान्ह्या बहिणीला, चंद्रीला सांभाळायची. पत्रा आहे तोवर आगीची भीती नाही, असं मालकानं बायांना सांगून ठेवलेलं. म्हणून दसऱ्याला त्याची पूजा.

"आग लागली तशी माय आतून वरडली, लेकराला पत्र्याखाली ठिव, तितं आग येत न्हाई. म्या ठिवलं अन् मायला वडाया गेले. माय निगाली. पर दार पेटून खाली आलं, चंद्रीवर."

"कंपनीनं काय दिलं?"

"मालकाला नवं जिनिंग. आमाला म्हनले, मानसाचा इमा न्हवता."

माझं डोकं सणकलं. मालकाला अटी समजावणाऱ्या आमच्या कंपनीच्या साहेबाला बायांना एक वाक्य सांगता आलं नाही? पूजा दिसली तर त्यानं फोटो काढला! आणि आम्ही तो मिरवला. जनाची नाही, निदान मनाची तरी!

"मग अजून कुंकू का लावता?"

"पत्र्याला कोन लावायलंय? चंद्रीला लावायलेय मी." मग फोटोखाली बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं काय लिवलंय? मायचं नाव हाय का?"

मला ते वाचवेना. "नाही," एवढंच म्हणाले. त्यांनी उपाशी जाऊ दिलं नाही, भाकरी-ठेचा वाढला.

घरी आल्यावर ऑफिसला फोन लावला. ही ओळ बदला, म्हटलं. "मॅडम, पुस्तकाचा सूर बिघडेल," पलीकडून उत्तर.

बिघडू दे. माझ्या प्रतीतली ओळ मी खोडली आणि लिहिलं: 'सोनाबाई. हिला कुणीच खरं सांगितलं नाही.'