जिन्यातला कॅरम आणि मी पंचबाई

कॅरमच्या पंच परीक्षेत मी पहिली आले होते, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, अशी परीक्षा असते? असते हो. लेखी असते, तोंडी असते, वर प्रमाणपत्र मिळतं. माझं अजून कपाटात आहे, साड्यांच्या खाली. बाहेर काढायची माझी हिंमत होत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळला राहायचो, शिरवणे गावाला लागून असलेल्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये. दुपारी दोन ते चार दुसऱ्या मजल्यावरची जिन्यासमोरची जागा आमची असायची. साडेचारला नळाला पाणी यायचं, तोवर काय तो जीव रमवायचा. पालथं घातलेलं पिंप, त्यावर कॅरम, भोवती चार प्लास्टिकची स्टुलं आणि आम्ही चौघी. माझ्या जोडीदार म्हणजे समोरच्या घरातल्या वहिनी. त्या साताऱ्याकडच्या, त्यांचे यजमान तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. दुसरी जोडी पहिल्या मजल्यावरच्या दोन जावांची. त्या घरात एकमेकींशी अक्षर बोलायच्या नाहीत, पण कॅरमला जोडी दुसऱ्या कुणाला देतील तर शपथ.

खेळ बघावा तर वहिनींचा. आधी त्या सोंगटीला गोंजारायच्या. 'चल माझे बाय, जा घरला,' असं म्हणत पदर खोचायच्या, स्टुलावरून अख्ख्या उठायच्या, अर्धं अंग कॅरमवर घालायच्या आणि असा काही स्ट्रायकर हाणायच्या की बोरिक पावडरचा ढग उठायचा. कधी राणी जायची, कधी स्ट्रायकरच जिन्यावरून टणाटण उड्या मारत पहिल्या मजल्यावर जायचा. मग दोन्ही जावा ओरडत खाली धावायच्या. आमचा एक नियमही होता, 'माहेरची चाल'. नेम चुकला की डावात एकदा 'माहेरची' म्हणायचं आणि पुन्हा मारायचं. ज्या दिवशी जिच्या आईचं पत्र आलेलं असेल तिला दोनदा. हे कुणी सुरू केलं ते देवाला ठाऊक, पण त्यावरून कधी भांडण झालं नाही.

मी त्या वसाहतीत नवखी होते. वहिनींनीच मला पाण्याच्या वेळा सांगितल्या, भाजीवाला दाखवला आणि कॅरमला बसवलं. त्या नसत्या तर मी वर्षभर भिंतींशी बोलले असते.

आणि मग महिला मंडळाच्या टाळक्यात आलं की हळदीकुंकवाला कॅरमच्या स्पर्धा घ्यायच्या, अगदी रीतसर, पंच वगैरे ठेवून. वाशीला एका शाळेत दोन रविवारचं पंचांचं शिबिर होतं. कुणीतरी जायला हवं होतं. मला मेलीला घरात बसवेना, गेले. तिथे एका सरांनी आम्हाला कॅरम शिकवला आणि माझे डोळे विस्फारले. बसल्या जागेवरून उठायचं नाही. कोपर किती बाहेर जावं यालाही हद्द असते. सोंगट्यांशी गप्पा मारायच्या नाहीत. मी सगळं पाठ केलं, शाळेतही केलं नव्हतं इतकं. पहिली आले.

स्पर्धा झाली, ती आता कुणाला आठवतही नसेल. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पिंपाभोवती बसलो, वहिनी नेम धरून उठल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'फाउल.'

तिघींनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगितलं की स्टूल सुटलं. वहिनी म्हणाल्या, बरं. पुढच्या वेळी त्यांनी बूड टेकून ठेवलं, तर मी कोपर बाहेर गेल्याचं सांगितलं. त्या सोंगटीला 'बाय' म्हणाल्या, तर तेही नियमात बसत नाही म्हटलं. माहेरची चाल तर मी त्याच दिवशी बंद केली, असला प्रकार जगात कुठे नसतो म्हणून. आणि गंमत अशी की वहिनी माझ्याच जोडीदार. स्वतःच्याच जोडीचे फाउल काढून मी रोज हरत होते आणि पंच कसा निःपक्षपाती असावा यावर व्याख्यान देत होते. एकदा तर त्या खरंच टेकून बसल्यात का हे बघायला मी खाली वाकून स्टुलाजवळ डोकं नेलं. आज आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आठवड्याभरात आमचा जिना चिडीचूप झाला. वहिनी हात आखडून, ओठ मिटून बसायच्या आणि स्ट्रायकर नुसता पुढे ढकलायच्या. त्यांची एक सोंगटी जाईना. दिवाळे गावाहून मासे घेऊन येणारी कोळीण मावशी आमचा आरडाओरडा ऐकून वर यायची आणि पाटी टेकवून घटकाभर बघत बसायची. ती एके दिवशी पायरीवरच थबकली आणि हळू आवाजात विचारती झाली, 'कोन मेलं हाय का गो हितं?'

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या नाहीत. गहू निवडायचेत म्हणाल्या. मग गोधडी शिवायची होती, मग दात दुखत होता. जावांनीही अंग काढून घेतलं. मी एकटीच पिंपाशी बसून उजव्या हाताने पांढऱ्या आणि डाव्या हाताने काळ्या सोंगट्या मारत होते. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. एकही फाउल नाही. इतकं रडू आलं की विचारू नका.

शेवटी पाचव्या दिवशी त्यांचं दार वाजवलं. वहिनी, चुकले, मला तुमच्याशिवाय करमत नाही, असं सरळ सांगून टाकलं. उठून मारा, आडवं होऊन मारा, मी तोंड उघडणार नाही. त्यांनी दारातच उभ्या उभ्या माझ्याकडे नीट बघून घेतलं.

'तुमी बोलला न्हाई तरी तुमच्या भिवया बोलत्यात, ताई,' त्या म्हणाल्या. 'माझी पाळी आली की भितीकडं तोंड करून बसायचं. कबूल?'

कबूल झाले. काय करते? दुपारी दोनला चौघी जमलो. वहिनींची पाळी आली तशी मी स्टूल वळवलं आणि मीटरच्या पेटीकडे तोंड करून बसले. पाठीमागून पदर खोचल्याचा, बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला. स्टूल करकरलं. म्हणजे उठल्याच. माझ्या भिवया गेल्याच वर, पण त्या बघायला पेटीशिवाय कुणी नव्हतं. 'चल माझे बाय,' वहिनी म्हणाल्या आणि स्ट्रायकरचा असा दणका बसला की माझी पाठ हादरली. एक सोंगटी कुठेतरी आपटली, पुन्हा आपटली, घरंगळली. थोरली जाऊ 'गेली गेली' करायला लागली आणि धाकटी तिला म्हणाली, गप बसा हो, अजून कडेवर आहे. एवढ्यात कुणाचा तरी पाय पिंपाला लागला. मग एकदम कल्ला झाला आणि माझ्या मानेवर पावडर उडाली.

मी भिंतीकडे बघत मोठमोठ्याने हसत होते. काय झालं ते मला काहीही कळलं नव्हतं, आणि कितीतरी दिवसांनी मला खेळातली ती धाकधूक वाटत होती.

'राणी गेली का?' मी विचारलं.

'गेली.'

'कशी गेली?'

'गेली म्हनलं न्हवं,' वहिनी म्हणाल्या. 'वळू नका. अजून कव्हर घ्यायचंय.'

मी नाही वळले.