माझ्या नावाचा आहेर

परगावाहून आलेल्या माणसाला मुंजाजीने "कधी आलास?" असं कधी विचारलं नाही, आणि "कधी जाणार?" हे तर त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. माणूस घटकाभर शेताकडे जाऊन परत आला असावा, तसा तो बोलायचा. मी झांबियात एका शाळेवर गणित शिकवायला गेलो होतो. तिथला पहिला करार संपल्यावर रजेवर आलो आणि पिंगळीच्या स्टेशनावर उतरलो, तर हा सायकल धरून उभा. मला भरून आलेलं. त्याने माझी बॅग कॅरिअरवर टाकली, दोरी आवळली आणि म्हणाला, "पलीकडच्या अंगानं चल, इकडं लय काटे हायत."

"अरे, तीन वर्षांनी आलोय मी!"

"मग? काटे टोचायचे थांबतेत व्हय?"

गावच्या शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा. पुढे मी परभणीच्या कॉलेजात गेलो आणि तो वडिलांच्या तुटपुंज्या जमिनीवर राहिला. शिक्षण सुटलं तरी आमचं टोळकं सोडायला मात्र तो तयार नव्हता. दर बाजाराच्या दिवशी भाकरी-ठेचा बांधून आमच्या खोलीवर हजर. उंच, हडकुळा, कानावर अर्धी विडी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघायची खोड होती त्याला. फक्त खोटं बोलायचं असलं की तो डोळ्यांत डोळे घालून बोले. त्यामुळे त्याचं खोटं ओळखायला आम्हाला कधी कष्ट पडले नाहीत.

खोलीवर माझा जोडीदार होता दत्ता, चारठाण्याच्या एका बड्या शेतकऱ्याचा मुलगा. एका ताटात जेवलो आम्ही. मी परदेशी निघालो तेव्हा त्याने हौसेने मला आणि मुंजाजीला घरी जेवायला बोलावलं. सगळ्यांची ताटं आत मांडली गेली आणि माझं ताट त्याच्या वडिलांनी बाहेर ओसरीवर ठेवायला लावलं. आम्ही बौद्ध. धर्म बदलून बरीच वर्षं झाली होती, पण त्या घराच्या लेखी काही बदललेलं नव्हतं. वडिलांचा मला फारसा राग आला नाही. तसली माणसं पाहतच मोठा झालो होतो. राग आला दत्ताचा. तो खाली मान घालून आत जेवत राहिला. मी ताटावरून उठलो, "तुझ्या घरचं पाणी पुन्हा पिणार नाही," म्हणालो आणि चालू लागलो. मुंजाजी आतल्या पंगतीतून खरकट्या हातानेच माझ्यामागे धावत आला. परभणीपर्यंत एसटीत शेजारी बसला. उतरल्यावर एवढंच म्हणाला, "आता हे मला निस्तरावं लागतंय."

झांबियात तसं माझं बरं चाललं होतं. पण संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसलं की परभणीची खोली आठवे, आणि दत्ताला वगळून ती खोली काही आठवता येत नसे.

त्या रजेत, पहिल्याच संध्याकाळी, चहा देता देता आई म्हणाली, "तुझ्या बहिणीच्या लग्नात तुझा चारठाण्याचा दोस्त आल्ता बरं. लय राबला लेकरू. पंगतीला पाणी वाढलं, उष्ट्या पत्रावळ्या उचलल्या. आपल्यातच बसून जेवला. तूच बलावलं आसशील." मी थक्क झालो. उठून मुंजाजीला गाठलं. दत्ता आमच्या दारी कसा आला, असं विचारताच त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "मला काय म्हाईत? लोक लग्नाला येतेत."

सकाळी त्याच्याबरोबर परभणीला गेलो. आमच्या जुन्या खोलीखाली खाजा नावाचा शिंपी होता, आमच्याच वयाचा. त्याने मशीन थांबवून मला कडकडून मिठी मारली. आतून पाणी आलं ते चकचकीत पितळी लोट्यातून. लोट्यावर माझं पूर्ण नाव, पुढे 'आफ्रिका' आणि खाली 'यांजकडून सप्रेम भेट', असं ठसठशीत कोरलेलं.

"क्या मियाँ," खाजा म्हणाला, "शादी में तुम नहीं आए, मगर तुम्हारा लोटा सबसे पैले आया!"

मी जन्मात कुणाला लोटा पाठवला नव्हता. मुंजाजी शिलाई मशीनचं चाक फिरवून बघण्यात गुंग झाला होता.

रस्त्यावर येताच मी त्याला धरलं. तो माझ्या गुंड्यांकडे बघत म्हणाला, "मांडवात आहेराची नावं पुकारतेत. समद्यांचं पुकारलं आन् तुझंच न्हाई, तर लोक इसरतेत. माणूस लांब गेला म्हणून त्याची जागा मोडायची का?"

"कुणाकुणाच्या लग्नात दिलास?"

"ज्याचं झालं त्याच्या."

"आणि पैसे?"

"म्हशीला इचार."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "दत्तालाही दिलास?"

"त्याला हंडा दिला," तो पुटपुटला. "भांडण मोठं व्हतं ना. आन् आहेर घेतला की फेडावा लागतो. तुमच्या घरात लग्न निघालं, मग आला बापडा."

माझा संताप संताप झाला. अपमान माझा झाला होता, आणि त्या घरात सगळे समजून बसले होते की हात मीच पुढे केला. माझं भांडण माझ्या अपरोक्ष मिटवून हा मोकळा! "तुला कुणी सांगितलं होतं हे?" मी रस्त्यातच ओरडलो.

"कुनीच न्हाई. म्हणून तर मला करावं लागलं." मग म्हणाला, "न्हाई पटलं तर चल. त्याला सांग, हंडा तू दिला न्हाईस म्हणून. मी येतो संगं."

सांगायचंच, असं ठरवून मी मुंजाजीसह जिंतूरच्या एसटीत चढलो. चारठाण्याला दत्ताच्या दारात पोचेपर्यंत वाक्यंही मनात जुळवून ठेवली होती. दत्ता बाहेर आला. बोलले ते त्याचे वडील. फार थकले होते. भिंतीला धरून उठले, आत हंड्याजवळ गेले, त्यांनी स्वतः तांब्या बुडवला. हंड्यावरचं माझं नाव दारातूनही वाचता येत होतं.

"आत ये, बाबा," ते म्हणाले. "बाहीर नगं हुबं राहू."

 मी आत गेलो आणि पाणी प्यालो. खरं सांगायचं तर फार तहान लागली होती.

जेवणं झाली, सगळ्यांची एकाच ओळीत. मुंजाजी ओसरीवर घोरायला लागला, तसा दत्ता मला जुन्या देवळांकडे घेऊन गेला. तिथल्या एका दगडावर बसून म्हणाला, "हंडा तुझा न्हाई, हे मला मांडवातच कळालं."

"कसं?"

"मुंजाजी माझ्या डोळ्यांत बघून सांगायलता, की आफ्रिकेतून पार्सल आलं." आम्ही दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला. "वडील म्हणाले, परत पाठव. म्या म्हणलं, हंडा गेला तर संगं मी बी जातो. त्या दिशी गप बसलो व्हतो, ते लय खात व्हतं मला. बोलायला निमित्त पायजे व्हतं, ते त्यानं आणून दिलं. तुझ्या घरी मी आहेर फेडायला न्हाई आलो. तुझ्या आईच्या पाया पडायला आलो."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. दत्ता उठता उठता म्हणाला, "मला कळालंय, हे मुंजाजीला सांगू नगंस. लय खूश हाय तो."

परतीच्या एसटीत मुंजाजीने बराच वेळ कळ काढली. शेवटी त्याला राहवेना. "सांगितलंस त्याला?"

"नाही."

"वहीम तर न्हाई आला?"

"अजिबात नाही."

तो खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, "आपलं काम आसंच आसतंय. कुनाला पत्ता न्हाई लागत."

पुढे प्रत्येक रजेत आमच्या गाठीभेटी होत राहिल्या, कधी चारठाण्याला, कधी खाजाच्या दुकानात. लोट्याचं गुपित खाजालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुणीच तोंड उघडलं नाही.

मुंजाजी गेला तेव्हा मी परदेशातच होतो. पुढच्या रजेत दत्ता आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि पदर सारखा केला.

"भाऊजी, एक सांगायचं राहिलंय," वहिनी म्हणाल्या. "तेंनी शपथ घातल्ती, पर आता ते न्हाईत. तुमा दोघांत भांडण व्हतं ना, तवाचा तो आहेर... तो ह्यांनीच दिल्ता."

मी दत्ताकडे पाहिलं. त्याने चहाची बशी हळूच खाली ठेवली.

"काय सांगता, वैनी!" तो म्हणाला.

"आम्हाला कधी शंकासुद्धा आली नाही," मी म्हणालो.

वहिनींनी डोळे पुसले आणि त्या हसल्या. "तसेच व्हते ते. कुनाला पत्ता म्हणून लागू दिला न्हाई."