हरवल्यावर बसून राहायचं

साठी उलटल्यावर मी रानात तगून राहायचं शिक्षण घेतलं असं सांगितलं, की लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात. मला रानाची हौस नाही. डासांची तर मुळीच नाही. एका जागी स्वस्थ बसणं मला कीर्तनातही जमलेलं नाही. मी गेले ती माझ्या नवऱ्यासाठी.

ह्यांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी चष्मा, गॅस, किल्ल्या, म्हणजे सगळ्यांचंच होतं तसं. मग एकदा नेहमीच्या वाण्याकडून येताना हे भलत्याच सोसायटीच्या जिन्यात उभे असलेले सापडले. आपलं दार कुणीतरी बदललंय असं म्हणत होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं, की चालणं चांगलं, पण एकट्यानं नको. इथेच सगळं घोडं अडलं. कारण कोथरूडला राहायला आल्यापासून ह्यांचा एकच नेम होता. सकाळचा चहा झाला की मागच्या टेकडीवर एकट्यानं जायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. फोन न्यायचा नाही. टेकडीवर आपलं कोण राहतं, असं ते विचारायचे.

मुलगा परदेशातून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, की टेकडी आजपासून बंद करा. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"टेकडी बंद करायची तर दाराला बाहेरून कडीही घाला," ते म्हणाले. "अर्धवट काम मला आवडत नाही."

मी सोबत जाऊन पाहिलं, तर मी बडबडते म्हणून हे अर्ध्या वाटेवरून परत आले. अंतर ठेवून मागून गेले, तर वळून उभे राहिले आणि मी पुढे निघून जाईपर्यंत हललेच नाहीत. त्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. हे बाहेर पडले की मी बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी अशा फेऱ्या मारायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. टेकडी हिसकावून घेतली तर हा माणूस घरात बसल्या जागी संपेल, हे मला दिसत होतं. जाऊ दिलं तर एक दिवस परत येणार नाही, हेही दिसत होतं.

अशात डोंगर भटकणाऱ्या एका गटाच्या शिबिराची माहिती व्हॉट्सॲपवर आली. खडकवासल्याच्या पलीकडच्या डोंगरात, शनिवार-रविवार. रानात वाट चुकली, पाय मुरगळला, पाणी संपलं तर काय करायचं ते शिकवणार होते. मी लगेच नाव दिलं. दोन दिवस ह्यांच्याजवळ धाकट्या बहिणीला ठेवलं, मुलाला कळवलंच नाही.

शिबिरात सगळी आयटीतली पोरं. एकीनं मला विचारलं, "काकू, तुम्ही पण ट्रेकर आहात?" मी म्हटलं, नाही, मी गृहिणी आहे, जास्त अवघड असतं. शिकवणारी मुलगी तिशीतली, कसब्यात वाढलेली, बोलायला खणखणीत. तिनं प्रत्येकाला विचारलं, की तुम्ही का आलात. कुणाला हिमालयात जायचं होतं, कुणाला ऑफिसचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, नवरा हरवू नये म्हणून. पोरं हसली. ती हसली नाही.

ताडपत्रीचा आडोसा करायला शिकवलं. माझा आडोसा वाऱ्यानं नेला. ओढणीची झोळी करून दुखावलेला हात गळ्यात कसा अडकवायचा, ओढ्याचं पाणी गाळून उकळूनच का प्यायचं, आरशानं उन्हाची तिरीप लांब कशी पाठवायची, हे सगळं मी शिकले. पण तिचा खरा धडा वेगळाच होता. वाट चुकल्यासारखं वाटलं, की जिथे आहात तिथे थांबायचं. सावली बघून बसायचं. रंगीत कापड उंच बांधायचं. तीन शिट्ट्या द्यायच्या, थोडं थांबायचं, पुन्हा तीन. माणसं हरवतात ती चालत राहिल्यामुळे, असं तिचं म्हणणं. मग तिनं आम्हाला एकेकट्याला झुडपांत लांब लांब बसवलं आणि आपण शोधत येईपर्यंत हलू नका म्हणाली. मी दोनदा उठले. एकदा मुंग्या होत्या म्हणून आणि एकदा शेजारच्या पोरीकडे पाणी आहे ना, ते बघायला. ती आली तेव्हा मी तिसऱ्याच झाडाखाली होते.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही आता खरोखर हरवलात."

निघताना मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, हे सगळं ठीक आहे, पण आपण हरवलोय हेच ज्याला कळणार नाही, त्याचं काय? ती म्हणाली, त्याला समजावू नका. त्याच्याकडून रोज करून घ्या. ओळखीचं काही दिसेनासं झालं की बसायचं आणि बायको येईपर्यंत उठायचं नाही, एवढंच. डोक्यातून गेलं तरी अंगात राहील कदाचित.

घरी वादावादी झाली. ज्यानं पाटबंधारे खात्यात जन्मभर कालवे आखले, त्याला मी बसायला शिकवणार होते. पण टेकडी चालू राहणार म्हटल्यावर तयार झाले. रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत आमची तालीम. मी म्हणायची, ओळखीचं काही दिसत नाहीये. हे नॅपकिन पसरून बसायचे आणि लाल फडकं फांदीला बांधायचे. मग मी विचारायची, आता काय करायचं? "तू येईपर्यंत हलायचं नाही," हे म्हणायचे. तळमजल्यावरच्या काकांनी हा कुठला योग, अशी चौकशी केली. मी गळ्यात अडकवलेली शिट्टी मात्र हे वाजवायचे नाहीत. ओठांना लावून नुसतं "वाजली" म्हणायचे. चार लोकांत शिट्टी मारणं त्यांना असभ्य वाटायचं. थंडी सरली, होळी झाली. हे रोज टेकडीवर जात होते आणि रोज परत येत होते. मला वाटायला लागलं, की आपण जिंकलो.

मग एक दिवस आमटी उकळून आटली तरी हे आले नाहीत. मी गॅस बंद केला, पायात सापडल्या त्या चपला घातल्या आणि निघाले. फोन घेतला, पाणी विसरले. उन्हात टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. मी एका वाटेनं धावले, मग दुसरीनं, मग पहिल्याच वाटेनं परत. हाका मारून घसा सुकला. एवढं शिकून मी सगळं उलटंच करत होते. शेवटी जबरदस्तीनं एका दगडावर बसले आणि कान दिले. शिट्टी ऐकू येत नव्हती. मुलाला काय सांगायचं, हे मनात येऊन गेलं आणि मला स्वतःची चीड आली. मग नीट विचार केला, की उतरताना नेहमीचं डावीकडचं वळण चुकलं, तर माणूस कुठे जाईल? टेकडीच्या पलीकडच्या अंगाला जुनी दगडांची खाण आहे, तिकडे. मी गेले, तर लांबून फांदीवर लाल फडकं दिसलं.

हे झाडाच्या सावलीत नॅपकिनवर मांडी घालून बसले होते. पाण्याची बाटली शेजारी, शिट्टी गळ्यात. तालमीत बसायचे तसेच.

"अहो, शिट्टी का नाही वाजवली?" मी ओरडलेच.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खालच्या बंगल्यांकडे मान वळवली. "हळू बोला. दुपारची वेळ आहे, लोक झोपलेले असतील."

मला हसू फुटलं. रानात हरवल्यावरही लोकांच्या वामकुक्षीची काळजी करणारा माणूस आमच्या गावाबाहेर मिळायचा नाही. रागही होताच, पण तो घरी गेल्यावर काढणार होते.

"बसा ना," हे म्हणाले. "इथे सावली आहे."

चिडले की मला अहो-जाहो करायची ह्यांची जुनी सवय. मला तो टोमणाच वाटला. मी म्हटलं, बसायला वेळ नाही, आमटी तशीच टाकून आलेय, चला घरी. ह्यांनी नम्रपणे मान हलवली.

"मला हलता येणार नाही. बायकोनं सांगून ठेवलंय. ती येईल."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. बसमध्ये अनोळखी बाईला जागा देताना असतो, तसा अदबीचा चेहरा. मी आहे, मीच ती, असं ओरडावंसं वाटलं. खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण ती येईल हे ते इतक्या भरवशानं म्हणाले होते, की तो भरवसा मोडायला माझा हात उठेना. मी तिथेच मातीत टेकले.

ह्यांनी बाटली पुढे केली. मी घटाघटा पाणी प्यायले. मी पिऊन होईपर्यंत ते काळजीनं माझ्याकडे बघत राहिले.

"तुम्हीही वाट चुकलात वाटतं," ते म्हणाले. "तुम्हाला शोधायला कोणी येणार आहे का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला. मग सरकून नॅपकिनवर माझ्यासाठी जागा केली.

"मग काळजी करू नका. आमची ही आली, की तिघं मिळूनच खाली उतरू."