काकूंच्या कंबरेसाठी चार बुश

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबू मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये पत्र्याचा एक डबा आहे. गाड्यांतून काढलेले बुश त्यात पडतात. दर दिवाळीला डबा रिकामा करायचं ठरतं. पण पहिला बुश हातात आला की कुणीतरी म्हणतं, "ह्यो आठवतोय का?" मग चहा येतो, तास जातो आणि डबा भरलेलाच राहतो. त्यातले निम्मे बुश एकट्या आप्पांच्या अँबॅसिडरचे आहेत. मी केलेला पहिला बुशही त्यात आहे, तो मी हातात घेत नाही.

*

आप्पा निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, कंबरेचा मणका सरकला, तेव्हापासून त्यांना तासभरही सलग झोप नव्हती. रिक्षात बसल्या की डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून घराबाहेर पडणंच बंद झालं. त्यांना एकदा पन्हाळ्याला न्यायचं म्हणून आप्पांनी जुनी गाडी नव्यासारखी करायला काढली. इंजिन झालं, रंग झाला, सीट झाल्या. गाडी दाखवायला दारात नेली. काकूंनी उंबऱ्यातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "एकदाच बसनार. कंबर दुखली तर गाडी भंगारात."

आता कंबर दुखणार की नाही, हे ठरवतो बुश. चाकाचा आर्म, म्हणजे दांडा, जिथं गाडीला जोडतात तिथं बसवायची ही बोटभर नळी. रस्त्याचा धक्का आधी तिनं खायचा, उरला तर माणसानं. मिस्त्रीनं जुना रबरी बुश काढून नखानं दाबला, तर शिळ्या भाकरीसारखा चुरा झाला. नवा कशाचा करायचा, एवढाच प्रश्न होता. त्यात आमचे पाच महिने गेले.

*

पहिला मान आमच्यातल्या महावीरचा. त्याची शिरोलीत फाउंड्री. जगातलं काहीही मोडलं तरी ते ओतून, लेथवर घेऊन पुन्हा करता येतं, असा त्याचा विश्वास. त्यानं गनमेटल या कडक धातूचे बुश केले. इतके गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. नातवंडांच्या काळातही झिजणार नाहीत म्हणाला, आणि ते खरंच होतं.

बसवले. रस्त्यावर नाणं पडलेलं असेल तर छापा की काटा, तेही सीटवर कळायला लागलं. कावळा नाक्यापर्यंत जाऊन आलो आणि आप्पांनी गाडीतून उतरून दोन्ही हात स्वतःच्या कंबरेवर ठेवले. महावीर म्हणाला, "पर आवाज आला का? न्हाई न्हवं?"

*

मग आप्पांनी मोबाइलवर वाचायला सुरुवात केली. शिकलेल्या माणसाला घोर लागला की तो वाचतो. पहाटे पाचला मला फोन, "पॉलियुरेथेनबद्दल तुझं काय मत?" माझं मत झोपेत होतं. आठवड्यात त्या कडक प्लास्टिकचे लालभडक बुश पार्सलनं आले.

वळणावर गाडी झकास. पण प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून किर्र, क्वॅक. मिस्त्रीनं ग्रीस भरलं तर आवाज जास्तच मोकळा झाला. रंकाळ्यावर ट्रॅफिक पोलिसानं गाडी थांबवली, मागून एक चक्कर मारली आणि विचारलं, "डिकीत कोंबड्या किती हायत?" आप्पा म्हणाले, बुश आहेत. त्यानं डिकी उघडून बघितल्याशिवाय सोडलं नाही.

*

आता माझं. माझा रबराचा कारखाना आहे, आणि पहिल्या दिवसापासून मी ओरडत होतो की बुश रबराचाच हवा. संधी मिळाल्यावर हावरटपणा केला आणि सगळ्यांत मऊ रबर वापरलं. चाचणीला महावीरला मागं बसवलं. स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी विचार करायची, मग वळायची. गोकुळ शिरगावच्या पुढं महावीर गाडी थांबवा म्हणाला आणि दार उघडून पळाला. परत आला तो तोंड पुसत. "म्हशीवर बसून पुरातनं चाललोय असं वाटलं," एवढंच बोलला.

मला फार लागलं ते. चार दिवस मी गॅरेजकडं फिरकलो नाही.

*

मी येत नाही म्हणून आप्पाच कारखान्यात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मशीनभोवती फिरत राहिले, शेवटी म्हणाले, "गड्या, काल ती भिंतीला टेकून बसून होती रात्रभर. लवकर कायतरी कर."

तोड काढली मिस्त्रीनं. आमची मापं, आमची मतं बाजूला ठेवली आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरनं चरवीभर दूध आणलं. मागच्या सीटवर, काकू बसणार तिथं, काठोकाठ भरलेली चरवी ठेवायची आणि एक फेरी मारायची. पुढं जरा कडक रबर, मागं मऊ, असं करत करत आम्ही जोड्या लावत गेलो. ज्या फेरीला दूध जास्त सांडेल त्या फेरीचे बुश डब्यात. उरलेलं दूध वाया कसं घालवायचं, म्हणून आम्हीच प्यायलो. सगळ्यांची वजनं वाढली.

नवव्या जोडीला दूध थेंबभरच सांडलं. आप्पांनी सीट तीनदा धुतली. तरी काकूंनी दार उघडून वास घेतला आणि विचारलं, "हितं रेडकू बांधलं हुतं काय?"

*

पन्हाळ्याला निघालो. आप्पा गाडी चालवायला, काकू मागं उशीला टेकून. मी पुढं, कारण शिव्या बसल्या तर त्या समोरच घ्याव्यात. महावीर आणि मिस्त्री मोटारसायकलवर मागं.

केर्लीपर्यंत काकू रस्त्याला, सुनेला आणि आप्पांच्या ब्रेकला नावं ठेवत होत्या. मग बोलणं थांबलं. रागावल्या असणार. हळूच वळून बघितलं, तर काकू झोपलेल्या. तोंड थोडं उघडं, हात उशीखाली.

आप्पांना खुणेनं सांगितलं. त्यांनी आरशात बघितलं आणि बघतच राहिले. पुढं घाट होता, वळणं होती. त्यांनी गाडी अलगद फिरवली आणि परत कोल्हापूरची वाट धरली. महावीर बाजूला येऊन हॉर्न वाजवणार, तोच आप्पांनी खिडकीकडं तोंड करून ओठांवर बोट ठेवलं. शहर गेलं, हायवे लागला. आप्पांनी गाडी सायकलच्या वेगानं हाकली आणि काकू दोन तास झोपल्या.

कागलच्या अलीकडं काकू जाग्या झाल्या. "आला व्हय पन्हाळा?"

"आलाच की," आप्पा म्हणाले.

पन्हाळ्याच्या बरोबर उलट दिशेच्या कागलची पाटी समोरून सरकत गेली. काकूंनी ती नीट वाचली. मग उशी सारखी केली, पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मग फुडं निपाणीपत्तोर जाऊया की."