भाऊने दिलेली साइड

माझा भाऊ रस्त्यावर कधी कुणाला साइड द्यायचा नाही. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून थको, एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आयमाय उद्धरो, भाऊची जीप आपली रस्त्याच्या मधोमध. आरशात बघण्याची तर बातच नको. आमच्या जीपचा आरसा फुटला, तो त्याने पुन्हा बसवलाच नाही. "मांगच्याले घाई असंन तं त्यानं आपली वाट आपण काढावी," तो म्हणायचा, "मी कायले बाजूले होऊ?"

अशा माणसाने आयुष्यात एकदाच साइड दिली. कुठे द्यावी, तर मद्रासला, भर शर्यतीत, एवढ्या लोकांच्या देखत. आणि कुणाला द्यावी, तर आमच्या ह्यांना. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही फैजपूरचे. घरची केळी. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, केळीच्या बागेत वाढलेला, पण केळं तोंडात घालायचा नाही. त्याचं लक्ष बागेत नसून बांधावर उभ्या राहणाऱ्या ट्रकमध्ये असायचं. केळी पिकायच्या आत दिल्लीला पोचवायची, म्हणून ते पंजाबी ड्रायव्हर वाऱ्यासारखे जायचे. भाऊ कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर जाऊ लागला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आधी मारलं, मग बोलणं टाकलं, मग नाद सोडला. सातपुड्याच्या घाटात त्याला एका म्हाताऱ्या सरदारजीने गाडी शिकवली. तिथून त्याने वळणाबद्दलचं एक वाक्य आणलं, ते जन्मभर पुरवलं: "वयन पह्यले डोयानं घ्यावं, मंग हातानं." मला भरतकाम शिकवतानाही आईऐवजी हाच बाजूला बसून हे ऐकवायचा.

माझं लग्न धुळ्याला झालं. सासरी ट्रकांचा धंदा, आग्रा रोडला लागून मोठी शेड, तिथेच गाड्यांची दुरुस्ती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. पहिल्या आखाजीला भाऊ मुराळी म्हणून आला तो जीप घेऊन. परत जाताना त्याने धुळ्यापासून एका एसटीला मागे ठेवलं होतं. पारोळ्याला आम्ही रसासाठी थांबलो, तेव्हा त्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी आडवी लावली, खाली उतरला आणि भाऊची सात पिढ्यांची विचारपूस केली. भाऊने शांतपणे त्याच्या हातात रसाचा ग्लास दिला. तो माणूस रस प्याला, पुन्हा दोन शिव्या दिल्या आणि गेला. भाऊ लगेच निघाला आणि एरंडोलच्या आत त्याला गाठून पुन्हा पुढे झाला. मी माहेरी पोचेपर्यंत हसत होते.

मला न्यायला आला त्याच खेपेला भाऊने सासरची शेड पाहिली आणि तो तिथलाच झाला. आमचे हे टायर आणायला मद्रासकडे जायचे, तिथे जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर त्यांनी मोटारींच्या शर्यती पाहिल्या होत्या. त्यांना वेड लागलं होतं, पण वेडाला हात नव्हते. हात भाऊचे होते. दोघांनी मिळून लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला, त्यात अपघातात मोडलेल्या एका मोटारीचं इंजिन बसवलं. एका माणसाची गाडी. छत नाही, दारं नाहीत, चारी चाकं उघडी आणि आत माणूस जवळजवळ आडवा. सासूबाई शेडमध्ये आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "छत नही, मडगाड नही. बठ्ठं उघडं शे. यामा मानूस बसी कसा?" भाऊने त्यांना बसून दाखवलं, म्हणजे जवळजवळ झोपूनच. "हाऊ तं निजना," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

शर्यतीच्या आधी भाऊची एक रीत असायची. शेडमध्ये बंद गाडीत तो डोळे मिटून पडायचा आणि सगळी धावपट्टी मनातल्या मनात चालवायचा. हात वळायचे, पाय दाबला जायचा, तोंडाने गिअरचा आवाज. सासूबाईंनी एकदा ते पाहिलं आणि धावत येऊन मला म्हणाल्या की तुझ्या भावाला लागीर झालंय, मीठ-मिरच्या आण. मी आणल्या. त्यांनी ओवाळून टाकल्या तरी भाऊचे डोळे उघडले नाहीत. त्याचं वळण चालू होतं.

पहिल्या वर्षी गाडी केळीच्या ट्रकात, पाल्याच्या गादीवर ठेवून मद्रासला गेली आणि चौथ्या फेरीत बंद पडली. दुसऱ्या वर्षी भाऊ तिसरा आला. त्यानंतर मोठमोठ्या शहरांतली, गिरण्या आणि मळे असलेल्या घरांतली पोरं विचारू लागली की हे धुळे कुठे आलं. मग ह्यांनाही चालवायचं होतं. दुसरी गाडी बांधली. पैसा सासऱ्यांचा, शेड सासऱ्यांची, कोण नाही म्हणणार? हे अगदीच वाईट चालवत नव्हते, उगाच कशाला खोटं बोलू. पण वळण आलं की ह्यांचा पाय आधी ब्रेकवर जायचा आणि मग डोळे वळणावर. भाऊ दर वेळी पुढे असायचा. घरी आल्यावर मात्र चित्र उलटं.

हे उलटं चित्र मला तेव्हाही खुपायचं. रस्त्यावर कुणाला न जुमानणारा हा माणूस घरात ह्यांच्या आधी पाटावर बसायचा नाही. फैजपूरला आम्ही दोघं गेलो की जीपमध्ये पुढची जागा दाजींची, पहिलं पाणी दाजींना, पहिला मांडा दाजींच्या ताटात. भाऊ ह्यांना दाजी म्हणायचा. जावई म्हणजे दहावा ग्रह असं सगळेच म्हणतात, पण आबांनी त्या ग्रहाची शांती करण्यातच आयुष्य घालवलं. "लेक त्यांच्या घरात हाये," हे एक वाक्य त्यांना सगळ्या प्रश्नांना पुरायचं. जणू मी लेक नव्हते, गहाण टाकलेली वस्तू होते. सासरी मला कुणी छळत नव्हतं. एखादा टोमणा यायचा, त्याला मी दोन परत करायचे. माझी बाजू घ्यायला मला कुणाची गरज नव्हती, पण हे कधी कुणी ऐकून घेतलं नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका टायरच्या कंपनीने नव्या गाड्या आणल्या होत्या आणि त्यांना एक ड्रायव्हर हवा होता. हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत जो पहिला येईल, त्याला पुढच्या वर्षी कंपनीची गाडी, पगार, आणि आधी काही महिने विलायतेत शिक्षण. पुढे तिकडच्याच शर्यतीत उतरण्याचीही वाट होती. भाऊ या बाबतीत कुणाशी बोलला नाही. पण धुळ्याच्या शिंप्याकडून त्याने एक जाड लोकरीचा कोट शिवून घेतला. मे महिन्यात ज्या गावात डांबर वितळतं, तिथे हा कोट. मला स्वयंपाकघरात येऊन घालून दाखवला. "बाई, तिकडे लय थंडी असते म्हन्ता," एवढंच म्हणाला. त्याला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

त्या शर्यतीला मीही गेले, आबाही आले. आम्ही मातीच्या बांधावर, ताडपत्रीच्या सावलीत बसलो. आवाज असा की छातीत धडधडायचं. भाऊ पहिल्या फेरीपासून पुढे होता. मागे हे. बाकीच्या गाड्या बऱ्याच लांब. प्रत्येक वळणाला भाऊचं हेल्मेट आधी वळायचं, मग गाडी, आणि मी मनात म्हणायचे, वयन पह्यले डोयानं. आबांकडे पाहिलं तर ते मान खाली घालून बसले होते. मला वाटलं ऊन लागलं असेल.

शेवटची फेरी. लांब सरळ पट्टी. भाऊ ह्यांच्या कितीतरी पुढे. आणि एकाएकी त्याची गाडी मंदावली. मला वाटलं इंजिन गेलं. मी उभी राहिले. तेवढ्यात गाडी डाव्या कडेला सरकली आणि भाऊचा उजवा हात बाहेर आला. आग्रा रोडवर ट्रकवाले मागच्याला पुढे काढताना हात हलवतात, तस्सा, खालून वर, दोनदा. हे बाजूने निघून गेले. भाऊ त्यांच्या मागोमाग दुसरा आला.

लोकांना काही कळलं नाही. कुणी म्हणालं पेट्रोल संपलं, कुणी म्हणालं टायर. आम्हा खानदेशातल्या तिघाचौघांना मात्र तो हात कळला. आबा उठले, धोतर झटकलं आणि जावयाच्या गळ्यात हार घालायला गेले. हार त्यांनी येतानाच आणून ठेवला होता.

मी भाऊला गाठलं ते गाड्यांच्या मागे. हेल्मेट काढून तो चाकावर बसला होता. मी विचारलं, गाडीला काय झालं? काही नाही म्हणाला. मग हळूहळू निघालं. आदल्या दिवशी लॉजवर जेवताना आबा त्याला म्हणाले होते, "जवाई मांगं अन् आपलं पोरगं पुढी, हे बरं नही दिसत. उद्याले त्यायले होऊ दे पुढी." बस, एवढंच. मी विचारलं, हे तिथे होते का? होते. काय म्हणाले? काही नाही म्हणाले. जेवत होते.

जेवत होते! माणसाने एक शब्द बोलायला हवा होता. नको आबा, शर्यत आहे, लग्न नाही, एवढा एक शब्द. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची ह्यांची सवय जुनी. मागायचं नाही, मिळेल ते नाही म्हणायचं नाही, आणि नंतर म्हणायचं, मी कुठे मागितलं होतं?

"अन् मले इच्यारलं होतं का तू?" मी भाऊला म्हटलं.

"तुले काय इच्यारायचं?" तो म्हणाला. "तुह्यासाठीच तं देल्ली. तू त्यायच्या घरात नांदते."

"माह्या नावावर नको टाकू," मी म्हटलं. "मी मांगितली नव्हती."

त्याने बूट काढले, त्यातली माती झटकली आणि पुन्हा घातले.

हे विलायतेला गेले. भाऊने तो लोकरीचा कोट स्वतः आणून ह्यांच्या बॅगेवर ठेवला. ह्यांच्या अंगाला तो आखूड व्हायचा, बटणं लागत नव्हती, तरी घालून गेले. हंगाम सुरू व्हायच्या आतच परत आले. थंडी सोसत नाही, जेवण मिळत नाही, अशी कारणं सांगितली. खरं कारण मला माहीत होतं. तिथे वळणावर साइड द्यायला कुणाचा मेहुणा नव्हता. कंपनीने दुसरा माणूस घेतला, तो कुठला कोण मी विचारलंही नाही.

भाऊ त्यानंतर त्या गाडीत बसला नाही. ह्यांनी बोलावलं, सासऱ्यांनी बोलावलं, तो हसून नाही म्हणायचा. फैजपूरला जाऊन केळी बघू लागला. दोन्ही गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिल्या आणि सासूबाई त्यांवर पापड वाळत घालू लागल्या. पुढच्या आखाजीला तो मुराळी म्हणून आला. मी जाणार नव्हते, पण आईसाठी गेले. जीपला नवा आरसा बसवलेला होता. पारोळ्याच्या अलीकडे मागून एसटीचा हॉर्न आला. भाऊने आरशात पाहिलं, जीप कडेला घेतली आणि हात हलवला. एसटी गेली, मग ट्रक गेला, मग एक लग्नाचा टेम्पो गेला. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. रडण्यापेक्षा मला त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटत होता. तो घालायला हवा होता असं आजही वाटतं.

पुढे काही वर्षांनी भाऊला कावीळ झाली. गावात झाडपाला केला, उशीर झाला, जळगावच्या दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. तो सकाळी गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. त्याला फैजपूरला न्यायचं ठरलं. एका मेटॅडोरमध्ये तो आणि आबा, मागे नातेवाइकांच्या जीपा, टेम्पो, मोटारसायकली. कुणीतरी जाणता माणूस म्हणाला, जावयाची गाडी पुढे राहू द्या, रस्ता मोकळा करतील. त्याही वेळी पुढचा मान जावयाचा. हे निमूटपणे गाडीत बसले, मी शेजारी, आणि आमची गाडी सगळ्यांच्या पुढे निघाली.

भुसावळ गेलं, तापीचा पूल गेला. दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. मी मागे वळून पाहिलं तर मेटॅडोर आमच्या मागे संथ येत होती.

"साइड द्या," मी म्हटलं.

"काय?"

"त्याला पुढे जाऊ द्या. साइड द्या."

"आता काय फरक पडतो?" हे म्हणाले.

"पडतो," मी म्हटलं. "गाडी बाजूला घ्या."

ह्यांनी गाडी केळीच्या बांधाला लावली. मग उजवा हात खिडकीबाहेर काढून हलवला. मेटॅडोर पुढे गेली. आबा आत बसलेले दिसले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. ह्यांनी पुन्हा गिअर टाकला, तेव्हा मी गिअरवर हात ठेवला आणि म्हटलं, थांबा, आधी बाकीच्यांनाही जाऊ द्या. जीपा गेल्या, टेम्पो गेला, मोटारसायकली गेल्या, सगळ्यात मागे एक सायकलवालाही गेला.

फैजपूरला आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो.